उपचार करणाऱ्यांनाच साथ गाठते तेव्हा

प्रतिनिधी, मुंबई

मार्च २०२० च्या अखेरीस वरळी कोळीवाड्याच्या वाटांवर अडथळे उभे राहिले आणि आत-बाहेर करणाऱ्यांवर पोलिसांचा पहारा बसला. मुंबईत करोनाचे पहिले दोन रुग्ण ११ मार्चला आढळले होते. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच दाट वस्तीचा एक संपूर्ण भाग बंद करण्याची वेळ महापालिकेवर आली. धारावीतील पहिला रुग्ण त्याच्याही नंतर, १ एप्रिलला नोंदला गेला. माहीमच्या उपसागराच्या तोंडाशी, वरळीच्या किल्ल्याला आणि गोल्फादेवीच्या देवळाला धरून वसलेली ही मच्छीमारांची जुनी वस्ती. घरे एकमेकांना टेकलेली, गल्ल्या दोन माणसे शेजारून जाताना खांदा लागेल अशा, आणि अनेक घरांना सार्वजनिक शौचालयाचाच आधार. येथे ‘अंतर राखा’ हा सल्ला देणे सोपे, पाळणे अशक्य होते. एप्रिलमध्ये कोळीवाडा ज्या जी-दक्षिण विभागात येतो, तो विभाग रुग्णसंख्येत शहरात आघाडीवर होता. वरळी, प्रभादेवी, लोअर परळचा समावेश असलेल्या या विभागाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार पावणेचार लाखांहून अधिक आहे.

रहिवासी आत आणि शहर बाहेर अशी विभागणी झाली, तरी काही माणसांना ही रेषा रोज ओलांडावी लागत होती. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर व परिचारिका, घरोघर जाऊन ताप-खोकल्याची विचारपूस करणाऱ्या आरोग्य सेविका, रुग्णवाहिकेचे चालक, कचरा उचलणारे व शौचालये धुणारे सफाई कामगार हे त्यात होते. वरळीतील चाळींत आणि वस्त्यांत राहून शहरातील रुग्णालयांत परिचारिका, आया, वॉर्डबॉय म्हणून काम करणारी माणसेही होती. साथीच्या बातम्यांत ‘करोना योद्धे’ हा शब्द रूढ झाला तो यांच्यासाठी. त्यांच्यापैकी किती जणांना संसर्ग झाला, तो कोठून झाला आणि त्यानंतर त्यांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न मात्र टाळ्या-थाळ्यांच्या आवाजात मागे पडला. ३ मे २०२० रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी मुंबईतील काही रुग्णालयांवर फुले उधळली. त्या दिवसांत त्याच रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांना कामावर यायला लोकलही नव्हती.

न ओळखलेला रुग्ण

साथीत डॉक्टर-परिचारिकांना संसर्ग होतो तो करोनाच्या कक्षात, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबईतील पहिल्या काही आठवड्यांचा अनुभव वेगळे सांगतो. मुंबई सेंट्रल येथील वोक्हार्ट रुग्णालय ६ एप्रिल २०२० च्या सुमारास प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, तेव्हा तेथील २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित असल्याची नोंद झाली होती. आत असलेल्यांनी बाहेर पडायचे नाही आणि बाहेरच्यांनी आत यायचे नाही, असा आदेश निघाला. म्हणजे रुग्णालयाचाच कोळीवाडा झाला. हृदयविकाराच्या तातडीच्या उपचारासाठी आलेल्या, परदेश प्रवासाची पार्श्वभूमी नसलेल्या एका वृद्ध रुग्णाकडून हा संसर्ग शिरला, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. बाधितांच्या संपर्कात आलेल्या परिचारिकांची वेळेवर चाचणी झाली नाही आणि त्यांना सामायिक खोल्यांतच ठेवले गेले, असा परिचारिकांच्या संघटनेचा आरोप होता. महापालिकेने चौकशी लावली. या परिचारिकांमध्ये केरळच्या मुलींचे प्रमाण मोठे असल्याने केरळ सरकारनेही चिंता व्यक्त केली. पुढच्या काही दिवसांत पेडर रोडचे जसलोक आणि ताडदेवचे भाटिया या रुग्णालयांतही अनेक कर्मचारी बाधित झाल्याचे समोर आले.

या घटनांत समान धागा होता. येथे करोनाचा रुग्ण म्हणून दाखल झालेल्या माणसाने साथ पसरवलेली नव्हती. हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, अपघात, बाळंतपण अशा कारणांनी आलेला आणि कोणालाही संशय न आलेला रुग्ण हाच धोक्याचा ठरला. तेव्हाच्या चाचणी नियमांत परदेश प्रवास किंवा बाधिताशी संपर्क या अटींना मोठे महत्त्व होते, आणि चाचण्यांची संख्याही मोजकीच होती. दुसरीकडे हा विषाणू लक्षणे दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस आधीपासूनच इतरांकडे जाऊ शकतो, हे हळूहळू स्पष्ट होत होते. ‘परदेशात गेला होतात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर मिळाले, की परिचारिका साध्या मास्कवर रुग्णाची कुशी बदलत असे, सलाइन लावत असे, त्याचे तोंड पुसत असे.

करोना कक्षात प्रवेश करणारा कर्मचारी निदान सावध तरी होता. सर्वसाधारण कक्षातील, क्ष-किरण विभागातील, नोंदणीच्या खिडकीवरील माणूस तसा नव्हता. त्याच्या पलीकडे आणखी एक जागा होती, जिच्याकडे सुरुवातीला कोणाचेच लक्ष गेले नाही. ती म्हणजे कर्मचाऱ्यांची आपसातली. कपडे बदलण्याची खोली, चहाची जागा, डबा खाताना मास्क उतरवून जवळजवळ बसणे, वसतिगृहातील एका खोलीत चार खाटा. रुग्णासमोर घेतलेली सारी काळजी जेवणाच्या टेबलावर वाया जाते, हे जगभरातील रुग्णालयांनी अनुभवाने ओळखले आणि एकत्र जेवण्यावर बंधने आली.

असाच एक प्रकार वरळी आणि धारावी यांच्या दरम्यान घडला. धारावीत साफसफाईच्या कामावर असलेला, वरळीत राहणारा महापालिकेचा एक सफाई कामगार एप्रिलच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच बाधित आढळला. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या यादीत सफाई कामगार बसतो की नाही, यावर कागदोपत्री वाद घालता येईल. साथीच्या दृष्टीने तो वाद निरर्थक आहे. बंद गल्लीत रोज शिरणारा आणि कामावरून पुन्हा दाट वस्तीतील आपल्या घरी परतणारा माणूस, एवढीच त्याची व्याख्या साथीला पुरते.

सव्वाशे वर्षांपूर्वीची नोंद

मुंबईला हे नवे नव्हते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. काखेत वा जांघेत गाठ आली की प्लेग, अशी ओळख तेव्हा डॉक्टरांच्या मनात पक्की होती. जानेवारी १८९७ मध्ये जे. जे. रुग्णालयातील ज्येष्ठ डॉक्टर रॉबर्ट मॅन्सर यांचा प्लेगने मृत्यू झाला आणि त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाही त्याच आजाराने दगावली. हा प्लेग गाठीचा नव्हता, फुफ्फुसाचा होता. वरकरणी न्युमोनियासारखा दिसणारा आणि खोकल्यावाटे थेट माणसाकडून माणसाकडे जाणारा. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक एल. एफ. चाइल्ड यांनी याच सुमारास प्लेगच्या या प्रकाराचे वर्णन केले. ज्या रुग्णाला गाठ नाही त्याच्याकडून धोका नाही, हा समज त्यामुळे मोडला. सव्वाशे वर्षांनंतर ‘परदेश प्रवास नाही’ या शब्दांनी तीच जागा घेतली होती.

पुण्याजवळ त्याच वर्षी आणखी एक मृत्यू झाला, तो महाराष्ट्राला ठाऊक आहे. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी शहराबाहेर दवाखाना उघडला होता. तेथे रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्याकडे पदवी नव्हती, नेमणुकीचा आदेश नव्हता आणि वेतनही नव्हते. आजच्या विमा योजनेच्या भाषेत त्यांना कोणत्या रकान्यात बसवले असते, असा प्रश्न हा लेख लिहिताना मनात येऊन गेला.

प्लेगच्या त्या दिवसांतच ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला. चार कलमांचा हा छोटासा कायदा. सरकारला घरे तपासण्याचे, माणसे वेगळी ठेवण्याचे आणि प्रवास रोखण्याचे नियम करण्याचे अधिकार त्याने दिले, नियम मोडणाऱ्याला शिक्षा सांगितली आणि या कायद्यानुसार सद्भावनेने काम करणाऱ्याविरुद्ध दावा लावता येणार नाही असे चौथ्या कलमात म्हटले. संरक्षण होते, पण ते कोर्टकचेरीपासून. रोगापासून, जमावाच्या हल्ल्यापासून किंवा मृत्यूनंतरच्या विपन्नावस्थेपासून आरोग्यसेवकाला वाचवण्याचा त्यात शब्द नव्हता. २०२० मध्ये राज्य सरकारने १४ मार्चला करोनाविषयक नियमावली काढली ती याच कायद्याच्या आधारे, आणि कोळीवाड्यासारख्या वस्त्या बंद झाल्या त्याही साथरोग व आपत्ती व्यवस्थापन या कायद्यांच्या बळावर. डॉक्टर-परिचारिकांना वस्तीतून हुसकावणे, त्यांच्यावर दगडफेक करणे असे प्रकार देशभर घडू लागल्यावर २२ एप्रिल २०२० रोजी केंद्राने वटहुकूम काढून आरोग्यसेवकांवरील हल्ल्याला तीन महिने ते पाच वर्षे, तर गंभीर दुखापतीसाठी सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद केली. त्या सप्टेंबरात संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले.

पोशाख, मास्क आणि घाम

पीपीई किट हे तीन अक्षरी प्रकरण २०२० मध्ये घरोघरी माहीत झाले. अंगभर झगा, हातमोजे, चष्मा किंवा चेहऱ्यावरचा पारदर्शक पडदा, बुटांवरची आवरणे आणि मास्क असा हा संच. साथ सुरू झाली तेव्हा देशात याचे उत्पादन नगण्य होते. मे महिन्याच्या मध्यापर्यंत ते दररोज लाखोंवर गेले. दरम्यानचे सहा-सात आठवडे हेच सर्वांत धोक्याचे ठरले. काही ठिकाणी रेनकोट वापरल्याची छायाचित्रे तेव्हा वृत्तपत्रांत झळकली होती.

संच अंगावर असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे ज्यांनी तो वापरला त्यांना चांगले माहीत आहे. सर्वांत मोठा धोका तो उतरवताना असतो. बाहेरची बाजू दूषित धरायची, हातमोजे आधी काढायचे, झगा आतून बाहेर गुंडाळत उतरवायचा, प्रत्येक टप्प्यावर हात धुवायचे आणि मास्क सर्वांत शेवटी, कक्षाबाहेर येऊन काढायचा, असा क्रम आहे. सहा-आठ तास एप्रिल-मेच्या दमट हवेत, वातानुकूलन बंद ठेवलेल्या कक्षात काढल्यानंतर, पाण्याचा घोट न घेता, चष्म्यावर वाफ धरलेली असताना हा क्रम चुकवायला एक क्षण पुरतो. परिचारिकांना मासिक पाळीच्या दिवसांत याच पोशाखात पाळी पूर्ण करावी लागली, याची चर्चा फार उशिरा झाली.

मास्कच्या बाबतीतही शास्त्र बदलत गेले. सुरुवातीचा सल्ला असा होता, की नेहमीच्या कामाला शस्त्रक्रियेचा साधा मास्क पुरतो. घशात नळी घालणे, कफ ओढून काढणे अशा तुषार उडवणाऱ्या प्रक्रियांसाठीच एन-९५ वापरावा. हा सल्ला विषाणू मोठ्या थेंबांतून पसरतो या गृहीतकावर उभा होता. बंद, हवा न खेळणाऱ्या जागेत तो हवेतल्या सूक्ष्म कणांतूनही पसरतो, ही बाब जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या वसंतात स्पष्ट शब्दांत मान्य केली. तोवर अनेक कर्मचारी ‘कमी धोक्याच्या’ कामावर म्हणून साध्या मास्कवरच वावरले होते. वॉर्डबॉय, आया, स्वयंपाकघरातून ताटे पोहोचवणारे कामगार यांत प्रामुख्याने येतात. एन-९५ हे नाव ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण अडवण्याच्या क्षमतेवरून आले आहे. पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. कडेने हवा शिरत असेल, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. मास्क प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बसवून तपासण्याची पद्धत आपल्याकडे अपवादानेच पाळली जाते.

एका औषधाची गोष्टही येथे नोंदवायला हवी, कारण तीत वरळीचे नाव येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २३ मार्च २०२० रोजी आरोग्यसेवकांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेण्याचा सल्ला दिला. पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा ४०० मिलिग्रॅम, सात आठवडे. एप्रिलमध्ये ही गोळी धारावी आणि वरळीतील रहिवाशांना सरसकट देण्याचा विचारही जाहीर झाला होता. हृदयावरील संभाव्य परिणामांची चर्चा सुरू झाल्यावर तो बारगळला. आरोग्यसेवक मात्र गोळी घेत राहिले. पुढे रीतसर चाचण्यांतून संसर्ग टाळण्यास या औषधाचा उपयोग नसल्याचे दिसले आणि मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिबंधासाठी त्याचा वापर करू नये, अशी ठाम शिफारस केली. खरा प्रतिबंध १६ जानेवारी २०२१ पासून मिळाला. देशात लसीकरण सुरू झाले ते आरोग्यसेवकांपासून. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. ज्यांच्या नावाने परळची संस्था आज ओळखली जाते तेच हे हाफकिन.

घरी परतण्याचा प्रश्न

लोकलसेवा २३ मार्च २०२० पासून बंद झाली आणि अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी ती १५ जूनला सुरू झाली. मधल्या पावणेतीन महिन्यांत विरार, बदलापूर, पनवेलहून येणाऱ्या परिचारिका आणि कामगारांनी बेस्ट व एसटीच्या बसमधून तासन्‌तास प्रवास केला. त्या बसचे चालक-वाहकही बाधित होत होते. काही हॉटेलांनी डॉक्टरांसाठी खोल्या उघडल्या. ताज समूहाचे नाव त्यात ठळकपणे आले. पण खोली कोणाला मिळते, हे बहुधा पदानुसार ठरत असे. निवासी डॉक्टरला वसतिगृह तरी असते. कंत्राटावरील आयाला रात्री आपल्या दहा बाय बाराच्या खोलीतच परतावे लागे.

महापालिकेच्या आरोग्य सेविकांची स्थिती याहून अवघड होती. शहरभर सुमारे चार हजार असलेल्या या महिला त्या-त्या वस्तीतच राहतात. तेच त्यांचे बळ. एरवी त्या पोलिओचे डोस, गरोदर मातांची नोंद, क्षयरुग्णांच्या गोळ्या अशी कामे पाहतात. त्यांना पगार नाही, मानधन मिळते, आणि कर्मचारी म्हणून दर्जा व किमान वेतन मिळावे यासाठी त्यांच्या संघटनांचा लढा जुना आहे. एप्रिल २०२० मध्ये दाट वस्त्यांत घरोघर जाऊन ताप मोजण्याचे, संपर्कातील माणसे शोधण्याचे काम त्यांच्याच अंगावर पडले. वस्तीतली बाई म्हणून दार उघडले जाई आणि ‘ही आली म्हणजे आपल्याला उचलून नेणार’ म्हणून तेच दार लावलेही जाई. घरात वृद्ध सासू-सासरे आणि लहान मुले असताना स्वतःला वेगळे ठेवायला दुसरी खोली नसे.

संस्थात्मक विलगीकरणाने हा पेच काही अंशी सोडवला. वरळीत पोद्दार आयुर्वेद रुग्णालय आणि एनएससीआय डोम येथे सोय उभी राहिली. डोममध्ये पुढे काहीशे खाटांचे करोना केंद्र झाले. कोळीवाड्यातील बाधितांच्या संपर्कातील शेकडो माणसे घराबाहेर काढून तेथे ठेवली गेली, आणि जी-दक्षिणमधील साथ आटोक्यात येण्यामागे हे एक प्रमुख कारण मानले जाते. तोच उपाय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मात्र उलट दिशेने गेला. सुरुवातीला करोना कक्षातील पाळीनंतर चौदा दिवस विलगीकरण देण्याची पद्धत होती. १५ मे २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनेने, उच्च जोखमीचा संपर्क झाला नसेल तर अशा सरसकट विलगीकरणाची गरज नाही असे ठरवले. मनुष्यबळ अपुरे पडत होते, हे त्यामागचे उघड कारण. मुंबईने त्याच महिन्यात केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिकांची मागणी केली होती, यावरून तुटवड्याची कल्पना यावी. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १७ जून २०२० रोजी न्यायालयाने डॉक्टर व आरोग्यसेवकांना वेळेवर वेतन आणि योग्य विलगीकरण देण्याचे निर्देश दिले. विलगीकरणाचा काळ रजा धरून पगार कापण्याचे प्रकार समोर आल्यावर, तो कामाचाच काळ मानला जाईल अशी भूमिका त्यानंतर केंद्राने घेतली.

त्या वर्षी शहराच्या महापौर असलेल्या किशोरी पेडणेकर पूर्वाश्रमीच्या परिचारिका. लोअर परळच्या नगरसेविका म्हणून जी-दक्षिण हा त्यांचाच विभाग. २७ एप्रिल २०२० रोजी त्या परिचारिकेच्या गणवेशात नायर रुग्णालयात गेल्या, तेव्हा त्यावर कौतुक आणि टीका दोन्ही झाली. सप्टेंबरमध्ये त्यांनाही करोना झाला.

किती जण गेले?

या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळत नाही, आणि ते न मिळण्याची कारणे वाचकांनी समजून घेण्यासारखी आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत केंद्राने सांगितले, की आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने मृत आरोग्यसेवकांची अशी माहिती केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनने संतापून ३८२ डॉक्टरांची यादी प्रसिद्ध केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत आकडे आले: १६२ डॉक्टर, १०७ परिचारिका आणि ४४ आशा कार्यकर्त्या. असोसिएशनच्या नोंदीत तेव्हा मृत डॉक्टरांची संख्याच ७३४ होती. एकाच काळातील, एकाच व्यवसायातील दोन आकड्यांत चौपटीहून अधिक फरक. डॉक्टरांना निदान मोजणारी संघटना होती. वॉर्डबॉय, आया, प्रयोगशाळेतील मदतनीस, सफाई कामगार, कंत्राटी रुग्णवाहिका चालक यांची यादी कोणी केली?

जागतिक पातळीवरही स्थिती वेगळी नाही. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगात सुमारे १ लाख १५ हजार ५०० आरोग्यसेवक करोनाने मृत्युमुखी पडले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा मध्यम अंदाज आहे. तो ८० हजार ते १ लाख ८० हजार अशा विस्तीर्ण पट्ट्यात फिरतो, कारण देशांनी कळवलेली नोंद तोकडी होती. २००३ च्या सार्स साथीत याउलट चित्र होते. ८,०९६ रुग्णांपैकी १,७०६, म्हणजे २१ टक्के, आरोग्यसेवक होते हे ठामपणे सांगता येते. साथ छोटी होती आणि मुख्यतः रुग्णालयांतच पसरली, म्हणून मोजणी जमली. हा नवा आजार ओळखून जगाला सावध करणारे डॉ. कार्लो उर्बानी त्याच आजाराने २९ मार्च २००३ रोजी गेले.

मुंबईतील तिसऱ्या लाटेने या मोजणीची दुसरी बाजू दाखवली. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात केईएम, शीव, नायर, कूपर आणि जे. जे. मिळून दोनशेहून अधिक निवासी डॉक्टर काही दिवसांतच बाधित झाले. लस मिळालेली असल्याने बहुतेकांचा आजार सौम्य राहिला. पण कामाच्या पाळ्या कोलमडल्या. १० जानेवारीपासून त्यांना तिसरी मात्रा देणे सुरू झाले.

‘थेट संपर्क’ सिद्ध करा

मार्च २०२० मध्ये केंद्राने प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजअंतर्गत सुमारे २२ लाख आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांचे विमासंरक्षण जाहीर केले. सफाई कर्मचारी, आशा, कंत्राटी व खासगी रुग्णालयांतील कर्मचारी यांचाही उल्लेख त्यात होता, ही गोष्ट खरोखरच स्वागतार्ह होती. राज्यानेही मे महिन्यात कर्तव्यावर मृत्यू झालेल्या कर्मचाऱ्यांसाठी तेवढ्याच रकमेचे साहाय्य ठरवले. केंद्राच्या योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळाली. एप्रिल २०२२ पर्यंत १,९०५ दावे मंजूर झाल्याचे सरकारने सांगितले.

दाव्यासोबत लागणाऱ्या कागदांत एक प्रमाणपत्र महत्त्वाचे. मृत व्यक्ती करोना रुग्णांच्या सेवेसाठी नेमलेली होती आणि रुग्णाशी तिचा थेट संपर्क आलेला असू शकतो, असे संस्थेने लिहून द्यायचे. करोना कक्षात नेमणूक असलेल्या परिचारिकेला हा कागद मिळायला अडचण नाही. पण संसर्गाचा मोठा भाग न ओळखलेल्या रुग्णाकडून, कपडे बदलण्याच्या खोलीतून किंवा बसमधून आला असेल, तर थेट संपर्क कोणाशी दाखवायचा? आणि ज्याला कोणी नेमलेलेच नाही, अशा गल्लीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरचे काय? वरळी कोळीवाड्यापासून लालबागपर्यंत गिरणगावात ताप आला की माणूस प्रथम जातो तो अशाच डॉक्टरकडे.

हा प्रश्न नवी मुंबईतील एका प्रकरणाने धसाला लावला. तेथील महापालिकेने ३१ मार्च २०२० रोजी खासगी डॉक्टरांना दवाखाने उघडे ठेवण्यास बजावले. न ठेवल्यास साथरोग कायद्यानुसार गुन्हा दाखल होईल, असेही सांगितले. आपला दवाखाना सुरू ठेवणाऱ्या एका डॉक्टरांचा जूनमध्ये करोनाने मृत्यू झाला. कुटुंबीयांचा विमा दावा नाकारला गेला. कारण असे दिले गेले, की त्यांची सेवा करोना रुग्णांसाठी सरकारने अधिग्रहित केलेली नव्हती. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीच बाजू उचलून धरली. दवाखाना उघडा ठेवा हा आदेश वेगळा आणि करोनासेवेसाठी बोलावणे वेगळे, असा त्याचा अर्थ होता.

डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा दृष्टिकोन अमान्य केला. साथरोग कायदा, राज्याची मार्च २०२० ची नियमावली, पालिकेचा आदेश आणि विमा योजना या सर्वांचा एकत्रित विचार करता डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहित झाल्या होत्या, असे न्यायालयाने म्हटले. त्या काळात प्रत्येकाला नावानिशी नेमणूकपत्र निघण्याची अपेक्षा ठेवता येत नाही, असा या निर्णयाचा रोख आहे. प्रत्येक दावा मात्र स्वतंत्रपणे, पुराव्यावर तपासला जाईल. मृत व्यक्ती करोनाशी संबंधित सेवा बजावतानाच गेली, हे विश्वासार्ह पुराव्याने दाखवण्याची जबाबदारी दावेदारावरच राहते.

हा पुरावा म्हणजे दवाखान्याची नोंदवही, रुग्णांचे केसपेपर, औषध दुकानातील चिठ्ठ्या, पाळ्यांचे तक्ते, चाचणीचा अहवाल. ज्यांच्याकडे नोंदवह्या होत्या त्यांच्यापुरती वाट आता खुली आहे. आरोग्य सेविकेच्या घरोघरच्या फेरीची नोंद आरोग्य केंद्राच्या वहीत असते. कंत्राटदारामार्फत लागलेल्या वॉर्डबॉयची हजेरी कंत्राटदाराकडे असते, आणि कंत्राटे बदलली की त्या वह्याही बदलतात.